चुलीपाशी कोण होतं

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुम्हा दोघांना तिकडे परदेशात माझं एक पान मिळतं. या वेळी मिळालं नाही, आणि तुमच्या बाबांनी लागोपाठ फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. पान अडलं होतं. का अडलं तेच आता लिहिते, म्हणजे या महिन्याचं पान होईल. नेहमीपेक्षा लांब होईल, त्याला इलाज नाही.

ही पानं मी कशी लिहायला लागले ते तुम्हाला थोडंफार माहीत आहे. आपल्या घरापासून चालत जाता येईल अशा एका वाचनालयाच्या माडीवर गुरुवारी दुपारी एक वर्ग भरतो. आठवणींवरून छोटे लेख कसे लिहायचे ते तिथे शिकवतात. शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून निवृत्त झालेल्या, वयाने माझ्यापेक्षा लहान. शिकणारे आम्ही सगळे साठीच्या पुढचे. मी गेले ती मोठ्या आत्मविश्वासाने गेले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यात निबंध शिकवले. प्रस्तावना, मधले तीन परिच्छेद, समारोप. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं हवं, की पुढे काय येणार ते त्यातून कळावं. मुलींच्या किती तुकड्यांकडून मी हे घोटवून घेतलं. मग आपल्याच भाषेत चार ओळी लिहायला काय अवघड आहे, असं मला वाटत होतं.

पहिल्याच लेखाच्या समासात बाईंनी पेन्सिलीने लिहिलं, 'पहिला आणि शेवटचा परिच्छेद काढून पाहा.' काढून पाहिले. लेख बरा झाला. मला राग आला आणि पुढच्या गुरुवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेले.

तेव्हापासून तुम्हाला पानं यायला लागली. आजोबांच्या स्कूटरचं, माझ्या नोकरीच्या मुलाखतीचं, वसतिगृहातल्या नन आणि त्यांच्या कुत्र्याचं, हुरडा खायला जाताना चाक मोडलेल्या बैलगाडीचं. लिहिताना मजा येत होती. कपाट आवरताना येते तशी. एकेक वस्तू काढायची, पुसायची, जागेवर ठेवायची.

मग तुझा फोन आला. होय, तुझाच, धाकटे. तुला कदाचित आठवतही नसेल.

"आजी, मी तुझी सगळी पानं परत एकदा वाचली. एक विचारू?"

"विचार."

"त्यात सगळे आहेत. आजोबा आहेत, नन आहेत, ननचा डॉगी पण आहे. तुझी आई कुठे आहे?"

"ती लवकर गेली गं."

"माहितेय. पण तू पाच वर्षांची होतीस ना? मला पाच वर्षांची असतानाचं कितीतरी आठवतं. कशी होती पणजी?"

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात लिहिते." बोलून गेले. फोन ठेवला आणि लक्षात आलं की लिहायला माझ्याजवळ काहीही नाही.

आईचा फोटो नाही. आम्ही तेव्हा मैंदर्गीला राहत होतो, अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. फोटो काढून घ्यायला कुणी सोलापूरला येत नसे. ती गेल्यावर वडिलांनी सोलापुरात गिरणीच्या ऑफिसात नोकरी धरली आणि मला ननच्या शाळेत, त्यांच्याच वसतिगृहात ठेवलं. वडील मोजकं बोलणारे. आईचा विषय त्यांनी टाळला असं नाही, पण काढलाही नाही. माझ्याजवळ होती ती इतरांची वाक्यं. फार सोशिक होती. केस तुझ्यासारखेच होते. असं कुणीतरी कुठल्यातरी लग्नात सांगितलेलं. ते खरं की खोटं हे मला तपासता येत नव्हतं, आणि खरं असलं तरी ते माझं नव्हतं.

तरी मी सवयीप्रमाणे मुद्दे काढले. रूप. स्वभाव. कामाची हातोटी. माझ्यावरची माया. त्यावरून तासाभरात पान तयार झालं. गुरुवारी मी ते वर्गात वाचलं. वाचताना माझा आवाज चांगला लागला होता.

"नीटनेटकं आहे," बाई म्हणाल्या. "कुणाची आई आहे ही?"

"माझी."

"ते तुम्ही सांगता म्हणून. यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

मी कागदाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. काहीच नव्हतं.

माझ्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते माझ्या मदतीला आले. "बाई, मॅडमना जरा सूट द्या. मी माझ्या अम्मीवर लिहिलं तर नुसत्या शिव्या येतील. मी तिच्याकडून तेवढंच ऐकलंय."

"मग शिव्या लिहा."

"इथं वाचून दाखवायला लागतं ना, म्हणून तर अडलंय."

सगळे हसले. मी म्हटलं, "मैंदर्गीला माझी मावशी आहे. आईची सख्खी धाकटी बहीण. तिला विचारून नीट लिहिते."

बाईंनी मान हलवली. "विचारू नका. इतक्यात तर नकोच. आधी तुमच्याजवळ जे आहे ते कागदावर उतरवा, मग जगाला विचारा. एकदा विचारलंत की त्यांची आठवण तुमच्या आठवणीवर जाऊन बसते. मग खालची तुमची कुठली आणि वरची त्यांची कुठली, हे तुमचं तुम्हाला सांगता येत नाही."

"आणि माझ्याजवळ काही नसेलच तर?"

"तर तसं लिहा."

तसं लिहायची माझी तयारी नव्हती. तुला शब्द दिला होता.

त्यानंतरचे दिवस मी घरात नुसती फिरत होते. एप्रिल लागला होता. दहाच्या पुढे खिडक्या मिटून घ्याव्या लागत. चहा झाला की कागद घेऊन बसायचं, दोन ओळी लिहायच्या, उठायचं. डाळींच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. चादरी सगळ्या उपसल्या, उन्हात टाकल्या, घड्या घालून परत ठेवल्या, आणि किनारी एका रेषेत येत नाहीत म्हणून परत काढल्या. टेबल खिडकीकडून भिंतीकडे नेलं. भिंतीकडून पुन्हा खिडकीकडे. मधेच वाटे, मावशीला फोन लावावा, पाच मिनिटांचं काम. फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. मावशी नव्वदीला टेकलेली. आईला पाहिलेलं तेवढं एकच माणूस आता राहिलं आहे. तिला विचारलं तर माझं जे काही थोडं असेल ते बुडणार. न विचारता थांबले आणि उद्या ती नसली, तर सगळंच बुडणार.

आपल्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी कडक भाकरी करून विकतात, ते तुम्ही पाहिलं आहे. पहाट झाली की त्यांचं थापणं सुरू होतं. इतकी वर्षं मी ते ऐकते म्हणजे ऐकतच नाही. त्या सकाळी मी जमिनीवर, भिंतीला डोकं टेकून बसले होते. आवाज कानातून आला नाही, भिंतीतून आला. डोक्याच्या हाडात आला. आणि मला कळलं की हा आवाज असाच, हाडातून, मी कधीतरी ऐकलेला आहे.

काळोखं स्वयंपाकघर. चुलीपुढे बसलेली एक बाई, तिची पाठ. हिरवं इरकली लुगडं, धुवून धुवून मऊ पडलेलं. मी मागून चिकटलेली, माझा कान त्या पाठीला. भाकरी थापल्याचा आवाज मला त्या पाठीच्या आतून येतो आहे. ती तव्याकडे वाकली की माझं डोकंही तिच्याबरोबर वाकतं. भाकरीवर पाणी फिरवल्यावर चर्र होतं. लुगड्याला ज्वारीच्या पिठाचा, धुराचा आणि घामाचा वास. चेहरा नाही. पाठच आहे.

आई, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण स्वतःच्या आवाजाने मी दचकले.

ते पान मी उभ्याउभ्या, ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. प्रस्तावना नव्हती. मुद्दे नव्हते. शेवटी आणखी एक आठवण आपण होऊन आली, तीही लिहिली. फक्त मधे मला पोकळी वाटली. दोन माणसं आहेत आणि कुणी बोलत नाही, हे मला खपेना. म्हणून मी आईच्या तोंडी एक वाक्य घातलं, 'बाळा, भूक लागली का? जरा थांब हं.' त्यानंतर पान भरल्यासारखं वाटलं.

गुरुवारी वाचलं. चाचांनी चष्मा काढून पुसला. बाई म्हणाल्या, "ही तुमची." कागद परत देताना त्यांनी फक्त त्या वाक्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं. का, ते मी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तुम्हाला पान पाठवून दिलं असतं तर हे सगळं इथेच संपलं असतं. पण घरी आले तर मावशीच्या सुनेचा फोन. मावशीला तापाने धरलं होतं, आता उतरला, पण जेवण जात नाही. "वन्सं, तुम्ही एकदा येऊन जावा म्हणतायत," ती म्हणाली.

जायचं तर होतंच. प्रश्न कागदाचा होता. बाईंची अट पुरी झाली होती, लिहून झालं होतं, आता विचारायला हरकत नव्हती. मावशी 'व्हय, असंच होतं' म्हणाली असती तर माझं पान पक्कं झालं असतं. ती तसं नाही म्हणाली तर काय, याचा विचार मी करत नव्हते असं मी स्वतःला सांगत होते. कागद पर्समध्ये ठेवला. बाहेर काढला. पुन्हा ठेवला. आईची म्हणून जन्मात एकच गोष्ट माझ्या हाती लागली होती, आणि ती मी दुसऱ्याकडे तपासायला नेत होते.

अक्कलकोटपर्यंत एसटी, तिथून मैंदर्गीला वडाप. जीपमध्ये दाटीवाटीने बसलेले सगळे कन्नडमध्ये बोलत होते. मला त्यातलं अधूनमधून एखादं वाक्य कळतं. पूर्वी सगळं कळत असणार.

मावशी मुलाने बांधलेल्या स्लॅबच्या घरात राहते. बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉटवर उशीला टेकून बसली होती. तापाने चेहरा एवढासा झालेला, डोळे मात्र तसेच, पाळतीवर असल्यासारखे.

"आलीस? बा, कुंड्रु," म्हणत तिने पाय आखडून मला कॉटवर बसायला जागा केली. "वाळलीस की लई. सोलापुरात जेवाय देत न्हाईत का?"

"आजारी तू पडलीस मावशी, आणि वाळले मी?"

"मी पैल्यापास्नंच वाळकी. माझं कुणाला कळणार हाय?"

सुनेने चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी पर्स उघडली, मिटली. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा मावशीनेच विचारलं, "काय हाय त्यात? कोर्टाचा कागद हाय का?"

"नाही. आईवर लिहिलंय. नातवंडांना पाठवायचंय. वाचू?"

"वाच की. मोठ्यानं वाच, कान गेलेत."

मी वाचायला लागले. काळोखं स्वयंपाकघर, चूल, लुगडं. मावशी डोळे मिटून ऐकत होती. 'बाळा, भूक लागली का? जरा थांब हं,' इथे आले आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला. सून पाणी घेऊन धावली.

"ऐकलीस का गं," मावशी तिला म्हणाली, "आमची अक्का असं बोलायची म्हणं."

"का? काय चुकलं?" मी विचारलं.

"अक्काला मराठी कुटं येत हुतं? बाजारात बांगडीवालीसंगं बोलाय तुझा बाप लागायचा तिला. 'बाळा' म्हणं. सिनेमातली बाई केलीस की तिची."

"मग कशी बोलायची ती?"

"कन्नडच की. तू बी कन्नडच बोलायचीस, चुरूचुरू. सगळं विसरलीस त्या नर्सबायांत जाऊन."

"नर्स नाही, नन."

"त्याच त्या."

आईच्या माहेरी कन्नड होतं हे मला ठाऊक होतं. आमच्या घरातही होतं हेही, विचार केला असता तर, ठाऊक होतं. तरी पेन उचललं तेव्हा तिच्या तोंडी शाळेच्या पुस्तकातलं मराठी आलं. आया तसंच बोलतात असं माझ्या हाताला वळण होतं. मी तिथल्या तिथे ते वाक्य खोडलं. बाईंचं प्रश्नचिन्हही त्याबरोबर गेलं. मला बरंच वाटलं; एवढीच चूक असेल तर आपण सुटलो.

पुढचं वाचलं. या वेळी मावशी हसली नाही. "ते पाठीचं परत वाच," ती म्हणाली.

परत वाचलं.

"ती मी."

"काय?"

"पाठ माझी हाय ती. अक्का कुटं भाकऱ्या करत हुती? छातीचा आजार तिला. चुलीचा धूर जरा लागला की खोकून खोकून निळी पडायची. म्हणून तर तुझ्या आज्जानं मला आणून सोडलं हुतं तुमच्यात. समद्यांच्या भाकऱ्या मी थापायची."

"त्याच्या आधीचं असेल हे. ती बरी असतानाचं."

"आदी तू रांगत हुतीस. आन् हिरवं इरकल म्हणतीस न्हवं? हिरवं माझं. बापानं घेतलेलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला तिच्याजवळ जाऊ देत नव्हते, पोरी. डाक्तरनं सांगितलेलं, ल्हान हाय, तिला लागंल. म्हणून तू मला चिकटायचीस. चिकटायचीस म्हंजे लई. उन्हाळ्यात नुसता घाम घाम व्हायचा माझा."

मी कागदाची घडी घातली. मग कपबशा उचलल्या आणि आत गेले. "राहू द्या हो वन्सं," सून म्हणत होती, पण मी नळ सोडला होता. कप धुतले, बशा धुतल्या, मग तिथे पडलेली बाकीची भांडीही धुतली आणि लहानमोठी बघून एकात एक घालून ठेवली. मला मावशीचा राग आला होता. तिला नवरा मिळाला, मुलं झाली, सुना आल्या, नव्वद वर्षं मिळाली. ही एक पाठ तिने मला सोडली असती तर तिचं काय जाणार होतं, असं माझ्या मनात येत होतं. ते बरोबर नव्हतं हे तेव्हाही कळत होतं. तरी येत होतं.

बाहेर आले तर ती माझीच वाट पाहत होती.

"रुसलीस?"

"नाही."

"रुसलीस. ल्हानपणी बी रुसलीस की भांडीच आपटायचीस." तिने कागदाकडे बोट केलं. "मग आता काय, फाडणार का ते?"

"माहीत नाही."

"फाडू नगं. माझं म्हणून लिही की. माझ्यावर कुणी काय लिव्हलंय आजपातूर? चांगलं हाय ते. घामाचं तर एकदम खरं हाय."

ती थट्टेत बोलत होती. पण मान वळवून तिने दुसरीकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला ते हवं आहे. कुणाच्या तरी लिहिण्यात तिला एकदा असायचं आहे. तिने अंगावर घेतलेल्या त्या पोरीला इतक्या वर्षांनंतर तिची पाठ आठवली होती, आणि त्या पोरीने ती दुसरीच्या नावावर लिहून आणली होती.

मी घडी उघडली, पेन काढलं. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. जिथे 'आई' होतं तिथे काट मारून वर 'मावशी' लिहीत गेले, आणि तिला ऐकू जावं म्हणून एकेक वाक्य मोठ्याने वाचत गेले. मावशीच्या पाठीला माझा कान. मावशी तव्याकडे वाकली. मावशीच्या लुगड्याला पिठाचा वास. एकही वाक्य अडलं नाही. प्रत्येक वाक्य तिच्यासाठीच केल्यासारखं बसलं. मावशी माना डोलावत होती. मी सपाट्याने शेवटच्या परिच्छेदापर्यंत आले आणि त्याच लयीत वाचलं, "मावशी गेली तेव्हा मला शेजारच्या घरी नेऊन बसवलं..."

"मी कुटं गेले?" मावशी म्हणाली. "हितं बसले की."

आत सून फसकन हसली. मलाही हसू आलं. मग पेन तसंच कागदावर टेकलेलं राहिलं.

"ते अक्काचं," मावशी म्हणाली. "शेजारी तुला मीच नेलेलं. तुला कळू नये म्हणून. त्यांनी तुज्या हातावर शेंगा आन् गूळ ठिवला, तर तू खात बसलीस आपली."

वाक्याचा उरलेला अर्धा भाग मी अजून वाचला नव्हता. तो असा होता: 'आणि हातात शेंगा आणि गूळ दिला.' मी मावशीला तो दाखवला. तिला वाचता येत नाही, तरी दाखवला.

मग मी विचारलं. आता न विचारण्यात राखायचं असं काही उरलं नव्हतं.

"मावशी, मी तुझ्या पाठीला असायची तेव्हा ती कुठे असायची?"

"दारात. परसाकडच्या. वारा लागावा म्हणून तितं बाज टाकलेली. त्यावर बसायची. तितनं तुला हाका मारायची, इल्लि नोडु, इल्लि नोडु. हिकडं बघ म्हणायची."

"मग?"

"मग काय? तू बघतीस व्हय. पाठीत तोंड खुपसून बसायचीस. मीच म्हणायची, बघ की गं, आई बोलवतीया. न्हाई म्हंजे न्हाई."

"कधीच नाही?"

"बघत असशील कवातरी. मला काय पाठीला डोळं हायत?"

आणखी बरंच विचारायचं होतं, पण ती दमली होती. सुनेने तिला आडवं केलं. मी जेवून निघाले. निघताना तिने डोळे न उघडता विचारलं, माझं ते पान परदेशात कधी पोचणार? मी म्हटलं, याच महिन्यात. ती म्हणाली, तिथल्या पोरांना सांग, भाकऱ्या करपत नव्हत्या माझ्या.

तर हे तुम्हाला सांगून झालं: भाकऱ्या करपत नव्हत्या.

सोबत दोन कागद पाठवते आहे. पहिला मावशीचा. तो मी स्वच्छ उतरवून काढला आणि वर्गात वाचला. चाचा म्हणाले, "मावशीची लॉटरी लागली." बाईंनी त्यात एकही खूण केली नाही, फक्त विचारलं, "आणि आईचा?"

दुसरा कागद आईचा. त्यावर मधोमध मी पट्टीने रेघ मारली आहे. रेघेच्या खाली मावशीने सांगितलेलं आहे, तिच्याच शब्दांत. परसाकडचं दार, बाज, तिथून येणारी हाक. ते मावशीचं आहे, तसंच वाचा. रेघेच्या वर माझं स्वतःचं आहे. आई गेली तेव्हा मला शेजारच्या घरी नेऊन बसवलं आणि हातात शेंगा आणि गूळ दिला. एवढंच. तू विचारलंस की पणजी कशी होती, तर आज माझ्याकडून इतकंच उत्तर येईल.

त्या कागदाची एक नक्कल मी इथे ठेवली आहे. सकाळी चहा झाला की ती पुढ्यात घेऊन बसते, डोळे मिटते, आणि त्या पाठीवरून मान वळवून दाराकडे पाहायचा प्रयत्न करते. परवा एकदा दार दिसल्यासारखं झालं. उजेड होता, बाजेची एक कड होती. मी पेन उचललं. मग वाटलं, हे मी तेव्हा पाहिलेलं दार आहे, की मावशीने सांगितलं म्हणून दिसतं आहे? ते मला सांगता येईना. ते सांगता येत नाही तोवर रेघेच्या वर लिहिता येत नाही. उठले, टेबल पुन्हा भिंतीकडे नेलं, आणि परत बसले.